चोरी लपते, पळणं लपत नाही : एका मूकपटाच्या मराठी पाट्यांचं प्रकरण

प्रकरण थोडक्यात असं. नागपुरात एक इटालियन मूकपट दाखवायचा होता, त्याच्या पाट्या, म्हणजे मधेमधे पडद्यावर येणारा लेखी मजकूर, मराठीत करायच्या होत्या, आणि मराठी क्रियापद चोराचं गुपित राखायला तयार नव्हतं.

आता सविस्तर. आमचं चित्रपट मंडळ लहान. धरमपेठेत भाड्याचं सभागृह, शंभरेक खुर्च्या, महिन्यातून एक खेळ. मी तिथली पाट्यांची बाई. परभाषेतला सिनेमा असला की मराठी उपशीर्षकं माझ्याकडे येतात. मार्चचा खेळ ठरवताना सचिव म्हणाले, "महिला दिनाच्या निमित्ताने दरवर्षी सोसणारी बाई दाखवतो आपण. यंदा चोरी करणारी दाखवू." सगळे हसले आणि विषय पक्का झाला.

पहिलं नाव निघालं लुई फुइयादच्या 'ले व्हाम्पीर'चं. 1915-16 मधला फ्रेंच मालिकापट. त्यात काळ्या घट्ट पोशाखात पॅरिसच्या छपरांवरून फिरणारी मुसिदोरा आहे. तिच्या पात्राचं नाव इर्मा वेप, आणि त्याची अक्षरं मागेपुढे केली की 'व्हाम्पीर' तयार होतं. मोह मोठा होता, पण मामला दहा भागांचा, जवळजवळ सात तासांचा. एवढा वेळ बसवायचं तर लोकांना तर्री-पोहे आणि रात्रीचं जेवण दोन्ही द्यावं लागलं असतं.

म्हणून 'फिलिबस' घेतला. हाही 1915 चाच, इटलीतल्या तुरिनचा. दिग्दर्शक मारिओ रोन्कोरोनी, लेखक जोव्हान्नी बेर्तिनेत्ती. लांबी सव्वा तासाच्या आसपास. निर्मिती संस्थेचं नाव कोरोना फिल्म. हे नाव पोस्टरवर अगदी बारीक टाइपात घ्यायचं असं एकमताने ठरलं. आमच्या मंडळात एकमताने ठरलेली ही बहुधा एकमेव गोष्ट.

कथा अशी. फिलिबस नावाचा एक गूढ चोर आहे. तो आभाळातून येतो. ढगांत त्याचं उडतं जहाज थांबतं, विहीर खणणाऱ्यांना उतरवतात तसा त्यातून दोराला बांधलेला पाळणा खाली येतो, माणसं गुंगीचं औषध हुंगून आडवी होतात आणि ऐवज वर जातो. त्याला पकडायला बक्षीस लागतं. कुट-हेंडी नावाचा नामांकित गुप्तहेर कामाला लागतो. (आमच्याकडच्या पोरांनी तालमीतच त्याचं 'दहीहंडी' करून टाकलं.) फिलिबस म्हणजे खरं तर एक बाई. समाजात ती बॅरोनेस त्रुआमों म्हणून वावरते, आणि गरज पडली की काउंट द ला ब्रीव्ह या नावाने पुरुष होते. पुरुष होऊन ती गुप्तहेराच्या बहिणीचं, लिओनोराचं, आधी अपहरण घडवून आणते आणि मग स्वतःच तिला सोडवते. झोपलेल्या गुप्तहेराच्या हाताचा साचा घेऊन त्याच्याच बोटांचे ठसे उमटवणारा हातमोजा बनवते. शेवटी त्या बिचाऱ्याला वाटू लागतं की फिलिबस आपणच तर नाही ना?

ही भूमिका वलेरिया क्रेती हिने केली. कित्येक वर्षं मात्र श्रेय क्रिस्तिना रुस्पोलीच्या नावावर लागत होतं. प्रत्यक्षात रुस्पोली यात गुप्तहेराची बहीण आहे. वेषांतर करणाऱ्या चोराची भूमिकासुद्धा दुसरीच्याच नावावर राहावी, यावर मी जास्त बोलत नाही.

सिनेमा वाचला तो हॉलंडमुळे. झाँ देस्मेत नावाच्या डच वितरकाने चालून जुन्या झालेल्या फिती फेकल्या नाहीत. त्याचा संग्रह आज आम्स्टरडॅमच्या आय फिल्म म्युझियममध्ये आहे आणि 2011 मध्ये युनेस्कोच्या 'जगाची स्मृती' नोंदवहीत गेला. फिलिबसची रंगछटा दिलेली प्रतही त्यातलीच, 2017 मध्ये डिजिटल रूपात नीट केलेली. आपल्याकडे असा कोणी देस्मेत झाला नाही. तेराशेच्या आसपास मूकपट काढले आपण, हाती उरले ते तीसच्या आतबाहेर, आणि त्यातलेही कित्येक तुकड्यांत. 1927 मध्ये मूकपटांची नायिका सुलोचना हिने 'वाइल्डकॅट ऑफ बॉम्बे'मध्ये आठ रूपं घेतली होती, त्यांत एक पोलिसाचंही होतं. तो आज पाहता येत नाही. आला असता, तर आम्ही तुरिनला गेलोच नसतो.

अडचण

इंग्रजी पाट्यांची प्रत समोर घेऊन मी बसले तेव्हा हे दोन संध्याकाळींचं काम वाटलं होतं. मूकपटात वाक्यं लहान असतात, पाट्याही मोजक्याच. पहिल्या दिवशी मी झरझर लिहीत गेले. फिलिबसने हार पळवला. फिलिबसने तिजोरी फोडली. फिलिबसने सगळ्यांना बेशुद्ध केलं. काही अडलं नाही.

मग फिलिबस पळण्याची वेळ आली आणि पेन थांबलं.

इंग्रजीत चोर पळतो तेव्हा तो की ती, हे क्रियापद सांगत नाही. मराठीत 'निसटला' किंवा 'निसटली', दोहोंपैकी एक लिहावंच लागतं. आणि गंमत अशी की चोरी करताना लिहावं लागत नाही. 'फिलिबसने हार पळवला' यात 'पळवला' हा हाराचा पुल्लिंगी 'ला' आहे. 'तिजोरी फोडली' यातली 'ली' तिजोरीची. भूतकाळात कर्त्याला 'ने' लागला की क्रियापद कर्त्याकडे पाठ फिरवून कर्माकडे बघतं. म्हणजे मराठीत चोरी करणारा कोण हे लपून राहतं, पण चोरी करून पळाला की तो पुरुष की बाई ते उघडं पडतं. शाळेत कर्मणी प्रयोग शिकवताना हे कोणी सांगितलं असतं, तर वर्ग जागा राहिला असता.

कुणी म्हणेल, एवढं काय बिघडतं? प्रेक्षकाला तर लवकरच कळतं की फिलिबस बाई आहे. खरंय. पण पडद्यावरच्या पोलिसाला कळत नाही, बँकवाल्याला कळत नाही, आणि सिनेमाची सगळी मौज त्या फटीत आहे. पाटीने सरळ 'ती' म्हटलं, तर पोलीस गाढव ठरतात. 'तो' म्हटलं, तर पाटी खोटं बोलते. आदरार्थी बहुवचनही करून पाहिलं, 'फिलिबस आले.' वाचून असं वाटलं की कलेक्टरसाहेब तपासणीला आले.

नाव

पाट्यांआधी पोस्टर हवं होतं, म्हणून हे आधी सुटलं. मूळ सिनेमाच्या जोडनावात चोराला आभाळातला 'पिराता', म्हणजे समुद्री लुटारू, म्हटलंय, आणि 'फिलिबस' या नावातही दर्यावर्दी लुटारूसाठी असलेला 'फिलिबुस्तिएरे' हा इटालियन शब्द ऐकू येतो. शब्दकोशात यासाठी 'चाचा' आहे, समुद्री चाचे वगैरे. पण हे नागपूर. इथे 'आकाशातला चाचा' असं पोस्टर लावलं असतं, तर लोकांनी विचारलं असतं, कोणाचे चाचा, कुठून आले, आणि चाची कुठे राहिल्या?

मी 'पेंढारी' सुचवलं. शब्द आपला, मातीतला. नर्मदेकडून उतरून मुलूख लुटणारे घोडेस्वार. 1816 मध्ये ते थेट गुंटूरपर्यंत गेले होते, आणि पुढच्या वर्षी इंग्रजांनी त्यांच्याविरुद्ध मोहीम काढली त्याच धामधुमीत आमच्या सीताबर्डीच्या टेकडीवरची लढाई झाली. 'आभाळातला पेंढारी' मला फार आवडलं होतं. मंडळातल्या एका ज्येष्ठ बाईंनी ते एका वाक्यात निकालात काढलं. "पेंढाऱ्यांनी गावं जाळली, माणसं मारली. ही पोर कोणाला ओरखडासुद्धा काढत नाही." आणि ते बरोबर होतं. फिलिबस झोपवते, मारत नाही.

शेवटी पोस्टरवर गेलं 'फिलिबस : आभाळातली चोरी'. चोराचं लिंग सांगायचं नसेल तर चोरीचं नाव घ्यावं. चोरी स्त्रीलिंगी आहे, पण त्यावरून कोणी काही ताडत नाही.

पहिला उपाय, आणि तो का फसला

मग मी हट्टाला पेटले. सबंध सिनेमात चोराचं लिंग दाखवायचंच नाही. 'ने' लावून बोलायचं. आणि इथे मराठीने मला मुक्तहस्ताने मदत केली, कारण पळून जाण्यासाठी आपल्याकडे 'ने' चालणारे वाक्प्रचार ढिगाने आहेत. फिलिबसने पळ काढला. धूम ठोकली. पोबारा केला. गुंगारा दिला. काढता पाय घेतला. हातावर तुरी दिल्या. एवढ्या सकर्मक रीतीने पळणारी भाषा मी दुसरी पाहिली नाही. पळायचं, पण काहीतरी करून पळायचं: काहीतरी काढून, ठोकून, देऊन. मला तर वाटायला लागलं की ही सगळी सोय कोण्या जुन्या मराठी चोरट्या बाईनेच करून ठेवली असावी.

तालमीला हार्मोनियमवाले काका होते, तबल्यावर त्यांचा पुतण्या. मी पाट्या एकामागून एक लावल्या. सातव्या-आठव्या पाटीला काकांनी भाता थांबवला. "ताई, हा चोर आहे की दहावीचं वाक्प्रचार-म्हणींचं पुस्तक?"

वर वाक्प्रचार लांब पडत होते. मूकपटाची पाटी मागच्या रांगेतल्या माणसाला सावकाश दोनदा वाचता आली पाहिजे असा आमचा अंदाज. त्यापेक्षा लांब मजकूर घालायचा, तर पाटी पडद्यावर जास्त वेळ ठेवावी लागते, आणि उडत्या जहाजातून पाळणा सुटल्यावर लोकांना हातावरच्या तुरी वाचत बसवणं म्हणजे जेवणाच्या पंगतीत पाककृती वाचून दाखवणं. मोठी चूक मात्र वेगळीच होती. मी सगळ्यांच्या तोंडी तीच लपवाछपवी घातली होती. पोलीस, नोकर, प्रियकर, चोर, सगळे सारखेच सावध बोलत होते. आणि पोलीस सावध नसतात, हाच तर सिनेमा आहे.

दुसरा उपाय

हे डोक्यात आलं ते एका निवृत्त गृहस्थांमुळे. पोलीस खात्यात त्यांची नोकरी बोटांच्या ठशांच्या कामात गेलेली. हातमोज्याचा प्रसंग तपासायला म्हणून आम्ही त्यांना बोलावलं होतं. ते आले, चहा घेतला, प्रसंग दोनदा पाहिला आणि म्हणाले, "जमतं. ठसा खोटा नसतो. ठेवणारा खोटा असू शकतो." मग रेशन दुकानातल्या अंगठ्याच्या मशीनबद्दल आणि हजेरीसाठी बनवलेल्या नकली अंगठ्यांबद्दल त्यांनी जे सांगितलं, ते इथे लिहिणं बरं नाही.

एक गोष्ट त्यांनी अभिमानाने सांगितली. या सिनेमात ठसे नवलाचे म्हणून आलेत, पण हे नवल आपल्याकडे जुनं होतं. ठशांवरून माणूस ओळखणाऱ्या जगातल्या अगदी पहिल्या विभागांपैकी एक 1897 मध्ये कलकत्त्यात सुरू झाला, स्कॉटलंड यार्डाच्या चार वर्षं आधी. नाव एडवर्ड हेन्री या इंग्रज पोलीस अधिकाऱ्याचं झालं, वर्गीकरणाचं डोकं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदुस्थानी कर्मचाऱ्यांनी चालवलं. म्हणजे 1915 मध्ये तुरिनच्या लेखकाला जो पुरावा अगदी ताजा वाटत होता, तो खोटा कसा पाडता येईल हेही त्याने त्याच दमात दाखवलं. पद्धत रुळायच्या आधी तिच्यातली पळवाट!

जाता जाता मी त्यांना विचारलं, फिर्यादीत चोर बाई की पुरुष हे माहीत नसलं तर तुम्ही काय लिहायचात?

"अज्ञात इसम," ते म्हणाले.

"इसम म्हणजे पुरुष."

"हो ना. अज्ञात म्हणजे पुरुषच धरायचा. पेपरवालेही तेच, 'अज्ञात चोरट्याने ऐवज लंपास केला.' बाई असेल हे नंतर सुचतं. तोवर ती इटारसीला पोचलेली असते."

त्या रात्री सगळ्या पाट्या पुन्हा लिहिल्या. नियम एकच, क्रियापद बोलणाऱ्याला काय माहीत आहे त्यावर ठरेल. पोलिसांच्या पाट्या बेधडक पुल्लिंगी: अज्ञात इसम, चोरटा, निसटला, सापडला नाही. भाषाही पंचनाम्याची, 'सदर', 'मुद्देमाल' वगैरे. लिओनोरासाठी काउंट पुरुष आहे, तेव्हा तिच्या तोंडी 'ते आले', 'त्यांनी मला वाचवलं'. फिलिबस स्वतः बोलते तेव्हा कपड्याप्रमाणे क्रियापद बदलतं. बॅरोनेसच्या झग्यात 'मी आले', काउंटच्या कोटात 'मी आलो'. आणि कपडे कुठलेच कळत नाहीत अशा जागी, म्हणजे तिच्या निरोपांत, भविष्यकाळ: येईन, घेईन, भेटेन. मराठीत 'मी येईन'ला लिंग नाही. धमकी द्यायची तर मराठीत भविष्यकाळात द्यावी.

हे जुळवताना गुप्तहेराच्या प्रसंगात एक गोष्ट लक्षात आली, जी इंग्रजी पाट्यांवर मला कधीच दिसली नव्हती. कुट-हेंडीला स्वतःवर संशय येतो. का येऊ शकतो? ठसे त्याचे, पुरावा त्याच्याविरुद्ध, हे तर आहेच. पण मराठीत त्याची पाटी लिहिताना 'तो आला, त्याने नेलं, तो निसटला' आणि 'मी आलो, मी नेलं, मी निसटलो' या दोन रांगा शेजारीशेजारी आल्या आणि एकमेकींत फिट्ट बसल्या. फिलिबस पुरुषच असणार हे त्याने पहिल्या दिवसापासून धरून ठेवलंय, म्हणून तर तो त्या जागी स्वतःला बसवू शकतो. 'कदाचित ती असेल' एवढी एक शंका आली असती, तर तो निदान स्वतःवरच्या संशयातून सुटला असता. बाईने त्याला फसवलं ते हातमोज्याने, आणि हातमोजा घालायला जागा केली त्याच्याच 'ला'ने. आमच्या ठसेवाल्या गृहस्थांना हे सांगितलं तर ते बराच वेळ हसले, मग म्हणाले, "दोन-तीन जुन्या फायली आठवल्या."

उरलेल्या पाट्या

एक गठ्ठा मात्र उरला. काही पाट्या कुणाच्याच तोंडच्या नसतात, निवेदकाच्या असतात. त्यांना सगळं माहीत असतं. तिथे काय लिहायचं?

पाट्या वाचून दाखवायचं आम्ही आधीच ठरवलं होतं. मूकपटांच्या काळात आपल्याकडे हे चालायचं. दोनतीन भाषांतल्या पाट्या असायच्या आणि ज्यांना कुठलीच वाचता येत नसे त्यांच्यासाठी कोणी तरी मोठ्याने वाचायचं. आमचे वाचक मौद्याकडचे एक वयस्क शाहीर. खडी गंमतीत, म्हणजे आमच्या विदर्भातल्या लोकनाट्यात, तीस वर्षं काढलेली, त्यातली निम्मी पायात चाळ बांधून, बाई होऊन. तालमीत काउंटचा प्रवेश आला तसे ते खुर्चीत पुढे सरकले. "अरे बाप्पा. आमच्यात माणूस बाई होते. इथं बाई माणूस होऊन राहिली." काकांनी लगेच बालगंधर्वांचा विषय काढला. फाळक्यांच्या 'लंकादहन'मध्ये साळुंके नावाच्या एकाच नटाने राम आणि सीता दोन्ही केले होते, तेही निघालं. 1917 चा तो सिनेमा. म्हणजे आपल्याकडे पुरुष सीता होत होते त्याच सुमारास तुरिनमध्ये बाई काउंट होत होती. तालीम अर्धा तास तिथेच अडकली आणि कोणाची तक्रार नव्हती.

माझी अडचण शाहिरांना सांगितली. त्यांनी पाटी मागून घेतली, चष्मा सारखा केला. "मॅडम, एवढी डोकेफोड काऊन करून राहिल्या? सगळं आपणच बोलायचं नसते."

आणि त्यांनी वाचलं, "फिलिबस, पुन्हा एकदा, निसट..." तबल्याकडे बोट केलं. पुतण्याने न सांगता डग्ग्यावर थाप मारली.

बस. निवेदकाच्या पाट्यांवर मी शेवटचं अक्षर गाळलं आणि तीन टिंबं दिली. 'निसट...', 'पोच...', 'उतर...'. वाचायचं शाहिरांनी, संपवायचं डग्ग्याने.

सचिवांना हे पटलं नव्हतं, हे नोंदवायला हवं. अर्धवट शब्द पडद्यावर म्हणजे मुद्रणदोष वाटेल, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. आम्ही धोका पत्करला तो शाहिरांच्या भरवशावर, माझ्या नाही.

खेळ

मार्चचा शेवट, पारा चढलेला. सभागृहात दोन मोठे कूलर. मूकपटाला कूलर चालत नाहीत, कारण त्यांच्या घरघरीत तबला बुडतो. बंद केले तर प्रेक्षक बुडतात. तडजोड म्हणून एक चालू ठेवला, पडद्याच्या उजवीकडचा. उडतं जहाज पहिल्यांदा ढगांतून आलं तेव्हा त्याची घरघर अशी काही जुळून आली की पुढे एक जण हा ध्वनिपरिणाम कसा केला म्हणून विचारायला आला. आम्ही उत्तर दिलं नाही.

साठ-सत्तर माणसं होती. नेहमीचे पांढऱ्या केसांचे, थोडे कॉलेजचे, आणि शेजारच्या शिकवणीतून सर रजेवर म्हणून सरळ इकडे आलेली सात-आठ पोरं. पहिली दहा मिनिटं अवघडच गेली. मूकपट पाहायची सवय मोडलेली असते. लोक पडद्यावरच्या ओठांकडे बघतात, काही ऐकू येईल म्हणून. निळ्या छटेतली रात्र आणि पिवळसर दिवाणखाना हा फरक कळायलाही थोडा वेळ लागतो.

मग पहिलं 'निसट...' आलं. थाप पडली. क्षणभर शांतता, आणि पोरांच्या रांगेतून एक आवाज आला, "ला!" त्यावर मागून एका बाईंचा, ठाम, "ली."

पुढचा तास सभागृह शाहिरांच्या ताब्यात होतं. प्रत्येक टिंबाला दोन्ही बाजूंनी उत्तरं यायला लागली. सुरुवातीला 'ला'वाले जास्त होते. बॅरोनेसचं बिंग आमच्यापुढे फुटल्यावर तिकडचा आवाज बसला. मग काउंट आला, कोट घालून, लिओनोरापुढे झुकला, आणि 'ला'वाल्यांना पुन्हा कंठ फुटला. इजिप्शियन मांजराच्या मूर्तीचा प्रसंग आला तेव्हा शाहिरांनी आवाज इतका खाली नेला की लोकांनी आपणहून ओरडणं थांबवलं. त्या मूर्तीच्या डोळ्यात गुप्तहेराने छोटा कॅमेरा लपवलेला असतो, चोराचा फोटो मिळावा म्हणून. पंचवीस रुपयांच्या तिकिटात याहून चांगलं काही मिळत असेल तर मला कळवा.

खेळानंतर तक्रारीही आल्या. एक निवृत्त शिक्षिका म्हणाल्या, अर्धे शब्द वाचून डोळ्यांना त्रास झाला, आणि मुलांना वाईट सवय लागेल. एक गृहस्थ म्हणाले, पोलिसांच्या पाट्या फार विनोदी झाल्या, मूळ सिनेमा एवढा हसरा नसावा. यात तथ्य आहे. 'सदर इसमाने' लिहिताना माझा हात सैल सुटला होता, आणि पुढच्या खेळाआधी तिथले दोन-तीन 'सदर' मी काढणार आहे. कॉलेजच्या एका मुलीने विचारलं, शेवटी ती पुन्हा जहाजात बसून जाते, तिला शिक्षा का नाही? शाहिरांनी परस्पर उत्तर दिलं, "पोरी, पकडायले कोण जाईन वर?"

ठसेवाले गृहस्थ सगळ्यांत शेवटी उठले. त्यांनी पाट्यांची छापील प्रत मागून घेतली, घरी जाऊन वाचतो म्हणाले. दोन दिवसांनी प्रत परत आली. एकाच ठिकाणी लाल शाईचं वर्तुळ होतं. सुरुवातीच्या एका पाटीत, बिंग फुटायच्या कितीतरी आधी, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याच्या तोंडी मी लिहून गेले होते, 'ती आजही सापडली नाही.' चार वेळा वाचूनही मला दिसलं नव्हतं, तालमीत कोणाला दिसलं नव्हतं, आणि भर खेळात शाहिरांनी ते जसंच्या तसं वाचलं होतं.

समासात त्यांनी बारीक, सरकारी अक्षरात लिहिलं होतं : 'मॅडम, हा अधिकारी आधीपासून फितूर आहे. चौकशी व्हावी.'